आजी विरुद्ध माजी : एका रानशर्यतीचा इतिहास



‘आजी-माजी’ हा जोडशब्द मराठींत आपण इतक्या सहजतेनें उच्चारतों कीं, त्यांतील दोन पक्ष कधीं एकमेकांसमोर उभे राहतील अशी कल्पनाहि मनांत येत नाहीं. आजी-माजी मंत्री, आजी-माजी नगराध्यक्ष, आजी-माजी विद्यार्थी. सभेचें निमंत्रण, सत्काराचा हार आणि चहाफराळ, एवढ्यावर या जोडीचा संसार आटोपतो. आज ज्या शर्यतीविषयीं मी बोलणार आहें तिच्यांत मात्र हे दोन पक्ष खरोखरीच एका रेषेवर उभे राहतात. एका बाजूस महाविद्यालयाचा चालू वर्षाचा संघ. दुसऱ्या बाजूस त्याच महाविद्यालयांतून पांच, दहा, क्वचित् वीस वर्षांपूर्वीं बाहेर पडलेले पळणारे. आणि दोघांच्याहि पुढें पांचसहा मैलांची नांगरट, ओढे, बांध, चढ आणि उतार. इंग्रजींत या प्रकारास क्रॉस कंट्री म्हणतात. मैदानावर आंखलेल्या पट्ट्यांतून नव्हे, तर रानांतून पळावयाचें, म्हणून मी तिला रानशर्यत म्हणेन.

अशा शर्यतीसाठीं महाराष्ट्रांतील भूमि निवडावयाची झाल्यास मी शेवगांव तालुका निवडीन. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्व अंगास हा तालुका आहे. दक्षिणेकडून बालाघाटाचे उतार हळूहळू सपाट होत येतात आणि उत्तरेस गोदावरीकांठच्या काळ्या जमिनींत विरून जातात. पलीकडच्या तीरावर पैठण. १९७६ सालीं जायकवाडीचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून या बाजूची सीमा नदीची न राहतां एका विस्तीर्ण जलाशयाची झाली आहे. आगगाडी शेवगांवास आजवर आलेली नाहीं. पायांचा आणि या प्रदेशाचा संबंध मात्र जुना आहे. आषाढी वारीसाठीं पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी याच तालुक्यांतील लाडजळगांवावरून पंढरीची वाट धरते. खुद्द शेवगांवांत न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज आहे, आणि तें चालविणारी अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१८ सालची आहे. म्हणजे भूमि आहे, महाविद्यालय आहे, पळणारीं मुलें आहेत. मग आजी-माजींची शर्यत आपल्याकडे रुजावयास अडचण कोणती? ही अडचण समजण्यासाठीं प्रथम या शर्यतीचें माहेर पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडमधील श्रूजबरी येथील शाळेंत मुलें एक खेळ खेळत. दोघेजण ससे होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढें पळत आणि बाकीचे शिकारी कुत्रे होऊन त्या मागावर सुटत. हा खेळ तेथें १८१९ च्या सुमारास रुजलेला होता असें मानतात, आणि १८३१ पासूनच्या त्याच्या लेखी नोंदी आहेत. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन हा १८१८ ते १८२५ या काळांत याच शाळेंत होता. तो शिकारीच्या खेळांत होता कीं नाहीं याच्याशीं आपल्याला कर्तव्य नाहीं. परंतु मधल्या वेळांत मैलभर दूरच्या घरीं जाऊन शाळेचें दार बंद होण्यापूर्वीं परतण्यासाठीं त्यास पळावें लागे, आणि आपण चपळ पळणारे होतों असें त्यानें आत्मचरित्रांत मोठ्या समाधानानें नमूद केलें आहे. रग्बीच्या शाळेंतहि हाच खेळ होता, आणि टॉमस ह्यूज याच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन’च्या कादंबरींत त्याचें वर्णन आल्यामुळें तो इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जगास ठाऊक झाला.

शाळेंतला खेळ महाविद्यालयांत गेला तो १८५० सालीं, आणि तोहि एका रुसलेल्या घोडेस्वारामुळें. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजचे विद्यार्थी घोड्यांची अडथळ्यांची शर्यत आटोपून बसले होते. त्यांतला एकजण आपल्या घोड्यावर इतका वैतागला होता कीं, असल्या जनावरावर बसण्यापेक्षां दोन मैल मी पायींच पळेन, असें तो म्हणाला. मित्रांनीं शब्द पकडला. बिन्सी गांवाजवळच्या दलदलीच्या कुरणांतून दोन मैलांची, कुंपणें व चर ओलांडण्याची पायशर्यत ठरली. स्टीपलचेस या नांवानें आज जी अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकच्या मैदानावर होते, तिचा उगम या कॉलेजी हट्टांत आहे. पुढें तिचा संबंध आपल्या शेवगांवच्या शेजाराशीं येणार आहे.

१८६८ सालीं लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा रानशर्यतीचा जगांतला पहिला क्लब निघाला. तो स्थापन करणारे गृहस्थ मूळचे नावा वल्हविणारे. हिवाळ्यांत नदीवर जातां येत नाहीं, शरीर सैल पडतें, म्हणून रान धरलें. १८८० पासून ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांची वार्षिक रानशर्यत सुरू झाली. शिक्षण संपल्यावरहि ही मंडळी पळण्याचें सोडीत नसत, कारण सोडण्याचें कारण नव्हतें. शनिवार मोकळा होता, क्लब होता, सायंकाळीं स्नानास ऊन पाणी होतें. त्यामुळें आपल्या शाळेच्या वा कॉलेजच्या चालू संघाशीं वर्षांतून एकदां सामना करणारा ‘माजी’ तेथें आपोआप तयार झाला. विंबल्डनच्या माळावर हिवाळ्यांत निरनिराळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची सांघिक शर्यत आजहि याच थेम्स क्लबच्या वतीनें होते. आपण ज्यास परंपरा म्हणतों ती पुष्कळदां फावल्या वेळाची लेक असते, हें येथें स्पष्ट दिसतें.

या शर्यतीची गुण मोजण्याची रीति मोठी मार्मिक आहे, आणि ती समजल्यावांचून आजी-माजींच्या लढतींतली खरी मौज कळावयाची नाहीं. जागतिक स्पर्धेंतल्याप्रमाणें प्रत्येक संघाचे सहाजण पळतात असें समजा. त्यांतल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवावयाचे. ज्याची बेरीज कमी तो संघ विजयी. आतां आजी संघाचे दोन तरणेबांड पोर पहिले आणि दुसरे आले. टाळ्या झाल्या. त्यांच्यामागून तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सहाहि माजी एका झुबक्यानें आले, आणि आजींचे पुढचे दोघे नववे व दहावे. आजींची बेरीज झाली २२. माजींची तीन, चार, पांच, सहा मिळून १८. पहिला नंबर गेला तरी माजी जिंकले. आणखी एक गोष्ट पहा. माजींचे जे दोघे सातवे-आठवे आले, त्यांचे क्रमांक बेरजेंत धरलेलेच नाहींत. पण ते दोघे घरीं राहिले असते तर आजींचे नववे-दहावे सातवे-आठवे ठरते, आणि दोन्हींकडे अठरा-अठरा होऊन शर्यत बरोबरींत सुटती. ज्यांचा हिशेब धरला नाहीं त्यांनीं सामना जिंकून दिला! पोट किंचित् सुटलेला, दम लागलेला, तरी प्रतिपक्षाच्या एका पोरापुढें चार पावलें राहिलेला माजी म्हणूनच या शर्यतींत शोभेचा पाहुणा नसतो.

वयाचें काय, अशी शंका कोणी काढील. शंभर मीटरांत चाळिशीच्या गृहस्थानें विशीच्या मुलापुढें उभें राहूं नये हें खरें. परंतु वयाबरोबर जी शक्ति प्रथम जाते ती झटक्याची. दमाची शक्ति, सराव असेल तर, फार सावकाश ओसरते. पोर्तुगालचा कार्लोस लोपेश १९८५ सालीं लिस्बन येथें रानशर्यतीचा जगज्जेता झाला तेव्हां त्याचें वय ३८ वर्षांचें होतें, आणि आदल्या वर्षीं त्यानें ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकलेली होती. मैलांच्या शर्यतींत माजींना आशा असते ती या कारणानें. लांबी जितकी अधिक, वाट जितकी वेडीवांकडी, तितका आजी-माजींचा सामना समसमान होत जातो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९०६ सालीं पुण्यास डेक्कन जिमखाना स्थापन झाला. खो-खोचे नियम १९१४ सालीं प्रथम लिहून काढले ते याच संस्थेनें. म्हणजे गांवच्या खेळाला कागदावर आणण्याची हौस तिला होती. जिमखान्याच्या १९१९ सालच्या क्रीडास्पर्धांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. दोराबजी स्वतः केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजचे माजी विद्यार्थी, तरुणपणीं तेथील मैदानें गाजविलेले. त्यांनीं पुण्यास पाहिलें तें असें : शंभर यार्डांची शर्यत, पण मैदान अपुरें म्हणून ती वळणावरून पळावयाची, आणि पट्टे आंखणाऱ्या दोऱ्या नाहींत. युरोपी नियमांची कोणास गंधवार्ता नाहीं. मात्र दिवसाचें मुख्य आकर्षण होतें तें सुमारें २५ मैलांच्या पल्ल्याचें. त्यांत पळणारे शेतकऱ्यांचे मुलगे, भाकरीवर वाढलेले, खडीच्या आणि धुळीच्या रस्त्यांवर अनवाणी पळण्याची संवय असलेले. पहिल्या तिघाचौघांची वेळ घड्याळावर पाहून दोराबजी चकित झाले, कारण ती युरोपांतल्या चांगल्या पळणाऱ्यांच्या वेळेच्या आसपास होती. इंग्लंडांतल्या क्लबांतून घासून-पुसून तयार होणारी वस्तु येथें कोणीहि न घडवितां उभी होती.

पुढील वर्षीं बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक भरणार होतें. दोराबजींनीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत खटपट केली, सरकारचा, स्वतःचा आणि देणगीदारांचा पैसा उभा केला, आणि चार धांवणारे व दोन मल्ल असा संघ बोटीनें रवाना झाला. लोकमान्य टिळकांचें देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजीं झालें तेव्हां ही मंडळी सातासमुद्रांपलीकडे होती. २२ ऑगस्ट रोजीं अँटवर्पच्या पावसांत मॅरेथॉन झाली. पल्ला ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांतला सर्वांत लांब. फिनलंडच्या हान्स कोलेहमायनेननें ती २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत जिंकली. आणि एकोणिसावा आला तो बेळगांवचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंद. पहिल्या पदकाच्या उत्साहांत आपण हा एकोणिसावा क्रमांक विसरलों. मला स्वतःला तो आपल्या क्रीडाइतिहासांतील एक फार मोठा क्रमांक वाटतो. मैदानावरचे नियमहि जेथें नुकतेच शिकावयाचे होते, तेथून गेलेला मनुष्य अजिंक्य समजल्या जाणाऱ्या फिन धांवणाऱ्याच्या मागें अवघ्या १८ मिनिटांवर होता.

परंतु येथेंच आपल्या इतिहासाची फट दिसते. १९१९ सालीं पुण्यास जे पळाले ते कॉलेजचे आजीहि नव्हते आणि माजीहि नव्हते. त्या काळच्या कॉलेजांत क्रिकेट होतें, टेनिस होतें, पैसेवाल्यांच्या मुलांसाठीं शोभिवंत मैदानें होतीं. दमदार पाय होते ते कॉलेजच्या कुंपणाबाहेर. इंग्लंडांत रानशर्यत कॉलेजांतून रानांत गेली; आपल्याकडे ती रानांतच होती, कॉलेजांत यावयाची राहिली होती. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, पुढें तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालयें निघालीं, आणि शेतकऱ्याचा मुलगा पाय घेऊन तेथें दाखल झाला. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन रानशर्यतींत आज खेड्यांतलीं मुलें-मुली पळतात. तेव्हां ‘आजी’ आपल्याला मिळाला. ‘माजी’ मात्र मिळाला नाहीं.

तो कां मिळाला नाहीं? शेवगांव, पाथर्डी, आष्टी या पट्ट्यांतल्या कोणत्याहि रस्त्यावर पहाटे जो मुलगा पळतांना दिसतो तो हौसेनें पळत नसतो. तो भरतीसाठीं पळतो. सैन्याच्या भरतीस १.६ किलोमीटर पळावें लागतें. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाईभरतींत पुरुषांस १६०० आणि स्त्रियांस ८०० मीटर. या आंकड्यांनीं आमच्या तरुणांच्या पायांचें माप ठरविलें आहे. दहा किलोमीटरांची रानशर्यत त्यास कोणी बंदी केलेली नाहीं, परंतु तिच्यावर पोट भरत नाहीं. भरती झाली कीं तो पलटणींत जातो. न झाली तर कांहीं वर्षांनीं पळणें सोडतो. आणि कित्येकांच्या घरीं दसऱ्यानंतर उसतोडीच्या टोळीबरोबर बिऱ्हाड गाडींत भरावयाचें असतें. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता वाट पहात असतो. मुलींची कथा आणखी निराळी. सातारा जिल्ह्यांतल्या मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत पळून दहावी आली. पण कॉलेजच्या संघांत तीन वर्षें पळालेली साधी मुलगी लग्न होऊन सासरीं गेली म्हणजे तिला ‘माजी’ म्हणून शर्यतीस बोलावणें पाठविणारें कोण आहे? हळदीकुंकवाचें येतें, शर्यतीचें येत नाहीं.

अविनाश साबळे याचें उदाहरण या दृष्टीनें पहाण्यासारखें आहे. आष्टी तालुक्यांतल्या मांडवा गांवचा हा मुलगा. जिल्हा बीड, पण अहिल्यानगरच्या सीमेलगतचा मुलूख. वाहन नसल्यामुळें लहानपणीं शाळेची सहा किलोमीटरांची वाट तो कधीं चालत, कधीं पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यांत, पांचव्या महार पलटणींत दाखल झाला. सियाचिनच्या बर्फांत राहिला. आणि २०१५ सालीं सैन्याच्या अंतर्गत रानशर्यतींत उतरला, तेव्हां कोठें त्याचे पाय जाणत्यांच्या नजरेस पडले. तेथून तो स्टीपलचेसकडे, म्हणजे बिन्सीच्या कुरणांतल्या त्या कॉलेजी शर्यतीच्या वंशजाकडे वळला. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या या शर्यतीचें एकहि पदक केनियाबाहेर गेलें नव्हतें. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळेनें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलें. सुवर्णपदक अवघ्या पांच शतांश सेकंदांनीं चुकलें. त्याची महार रेजिमेंट १९४१ सालीं उभी राहिली ती चौगुल्यांच्या बेळगांवीं, हा योगायोगच. पण त्याचें खरें कॉलेज पलटण हेंच होय, हा योगायोग नव्हे. आपल्या भागांतील दमदार पळणाऱ्यांना ओळखणारी, जेवूं घालणारी आणि वर्षानुवर्षें पळत ठेवणारी संस्था आजवर तीच ठरली आहे. माजी आहेत, ते तेथें आहेत.

म्हणून शेवगांवीं आजी-माजींची शर्यत भरवावयाची तर पहिला प्रश्न वाटेचा नाहीं, महिन्याचा आहे. भाद्रपदांत गांवकरी घरीं असतात, पण काळी जमीन ओली असते आणि शंभर पावलांत प्रत्येक पायास शेरभर चिखल चिकटतो. दिवाळींत पलटणींतले कांहींजण रजेवर येतात, पण तोंवर उसाच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. पौष-माघांत हवा उत्तम. गांवें अर्धीं रिकामीं. टोळ्या परततात त्या गुढीपाडव्याच्या सुमारास, आणि तेव्हां ऊन तापूं लागलेलें असतें. उन्हाची ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. १२ जुलै १९२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें भर उन्हांत रानशर्यत घेतली. ३८ जण निघाले, १५ पोहोंचले, बाकीचे वाटेंत कोसळले किंवा थांबले. पहिला आलेला पाव्हो नुर्मी मात्र जणूं फिरून आल्यासारखा दिसत होता. त्या दिवसानंतर रानशर्यत ऑलिंपिकमधून जी गेली ती पुन्हां आलेली नाहीं.

तरीसुद्धां माझें मत चैत्राच्या बाजूनें आहे. पाडव्यानंतरचा पहिला रविवार धरावा आणि सूर्योदयापूर्वीं, फटफटतांच, शर्यत सोडावी, म्हणजे ऊन अंगावर येण्याच्या आंत पांच मैल संपतात. पिकें निघालेलीं असतात, रानें मोकळीं असतात. मालकांस आधीं विचारून बांधाबांधानें चुन्याची फक्की टाकली कीं वाट तयार. पलटणींत असलेल्या माजींना रजेसाठीं पत्रें पौषांतच गेलीं पाहिजेत, आणि सासरीं गेलेल्या माजी मुलींना तीं त्यांच्या स्वतःच्या नांवें गेलीं पाहिजेत. संघ सहासहांचे ठेवावे. क्रमांक टिपणाऱ्यानें मात्र पहिले चौघे आले म्हणून वही मिटूं नये. टोळीवरून कालपरवां परतलेला एखादा माजी अजून ओढ्याच्या पलीकडे असेल, आणि त्याच्या मागें एखादा आजीहि.